कोपराच्या वर चार बोटं

मावशीने कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला, पिळला आणि तात्यांचा डावा हात करंगळीपासून पुसायला घेतला. रोज इथूनच सुरुवात. कातडीवर तेलाचा अंश राहिला तर रंग धरत नाही, दुपारपर्यंत पोपडे सुटतात आणि पडद्यावर शापाऐवजी खरूज दिसते. हे वाक्य तिचंच होतं आणि मेकअपच्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला ती ते एकदा तरी ऐकवायची. आज ऐकवायला कुणी नव्हतं. मधल्या बोटाशी येऊन तिचा हात थांबला.

"नखं निळी दिसतायत."

"कालचा रंग राहिला असेल," तात्या डोळे मिटूनच म्हणाले.

"काल जाताना मीच पुसलीयत. हा माझा रंग नाही."

बाहेरच्या अकरा पायऱ्या चढून आल्यापासून त्यांचा श्वास अजून जागेवर आला नव्हता, आणि येऊन पंधरा मिनिटं झाली होती.

तात्या म्हणजे मालिकेतला म्हातारा द्वारपाल. चेटकिणीने राणीवर टाकलेला शाप मध्ये पडून त्याने आपल्या हातावर झेलला होता आणि तेव्हापासून त्या हातावर काळी वेल चढत होती. बोटांवरून मनगटाला, मनगटावरून कोपराला, कोपरावरून खांद्याला. वेल हृदयाला भिडली की तिसरा श्वास शेवटचा, असा नियम चेटकिणीने पहिल्याच भागात खदाखदा हसून सांगितला होता. म्हणजे म्हटलं तर शाप चेटकिणीचा, पण रोज सकाळी सव्वा तास पाठीचा काटा ढिला करून तो हातावर उतरवणार मावशी. तिला सेटवर सगळेच मावशी म्हणत, तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले तात्यासुद्धा.

या मालिकेत शापाने कुणी मेलंय असं तीन वर्षांत घडलं नव्हतं. दगड होऊन पडलेल्या राजपुत्राला लेखिकेने चक्क पाझर फोडला आणि तो निथळत बाहेर आला. सूर्य बघताच मरशील, असा शाप मिळालेला सेनापती अकरा भाग भुयारात बसून राहिला. शाप टळला, पण भुयाराच्या धुळीने त्या नटाला दमा लागला. नाव उच्चारताच मरणाऱ्या दासीचं नावच बदलून टाकलं. लेखिकेचं डोकं असं चालायचं. तात्या मात्र तीनदा वाचले ते लेखिकेच्या डोक्यामुळे नाही. ते मावशीच्या ब्रशमुळे वाचले, आणि ही गोष्ट फक्त मावशीला ठाऊक होती.

पहिल्या वेळी ती खरोखरच चुकली होती. मालिकेचे भाग काही क्रमाने चित्रित होत नाहीत. जो सेट मोकळा असेल तो भाग आधी. सकाळी एकशे दहावा, तर दुपारी ब्याण्णवावा. म्हणून वेल आज कुठवर, हे त्या त्या भागाच्या कागदावर लिहिलेलं असतं, आणि ते बोटांत लिहिलेलं असतं, कारण मावशी फूटपट्टीला हात लावत नाही. त्या दिवशी वेल खांद्यापर्यंत हवी होती. मावशीच्या समोर कागद राहिला दुसऱ्याच भागाचा: कोपराच्या वर चार बोटं. तिने इमानेइतबारे चार बोटं रंगवली. तात्यांनी पेटत्या महालात बाही सारून हात उंच केला आणि महाल सांगितल्याप्रमाणे जळून खाक झाला. चूक तीन दिवसांनी संकलकाच्या लक्षात आली, तेव्हा महालाच्या जागी राखही उरली नव्हती. मग लेखिकेने राणीचे अश्रू द्वारपालाच्या हातावर पाडले आणि शाप वीतभर मागे सरकला. लोक ढसाढसा रडले म्हणे. ज्या आठवड्यात तात्या मरायचे, त्याच आठवड्यात मालिका पहिल्या क्रमांकावर गेली, आणि दिग्दर्शकाने मावशीला झापता झापता चहा पाजला.

दुसरी चूक ही चूक नव्हती. त्याच्या थोडं आधी एकदा तात्या सहज बोलून गेले होते, "हे काम संपलं की काय, घरी जाऊन भिंतींशी बोलायचं. भिंतींना कान असतात म्हणतात, पण माझ्या मेल्या ठार बहिऱ्या." बायको जाऊन सहा वर्षं झालेली, मुलगा परदेशात. मावशी तेव्हा हसली. पण मरणाचा भाग पुन्हा जवळ आला तेव्हा तिने, कागद समोर नीट टाचलेला असताना, वेल तीन बोटं खालीच थांबवली. एकतीस नटांच्या दाढ्या, जखमा आणि बाह्या यांच्या नोंदी ठेवणाऱ्या मुलीला सेट मोडेपर्यंत पत्ताही लागला नाही. तिसऱ्यांदाही तिने तेच केलं. त्यांच्यासाठी केलं हे खरं, पण अर्धंच. सकाळी चाळीस मिनिटं आधी येऊन, थर्मासमधला चहा आधी तिच्या कपात ओतणारा माणूस तिला इतक्यात जायला नको होता. तिसऱ्या वेळेनंतर मात्र दिग्दर्शक हसला नाही. "मावशी, चौथ्यांदा झालं तर घरचा रस्ता," एवढंच म्हणाला.

आता तिने बोळा बाजूला ठेवला, खुर्ची ओढली आणि तात्यांच्या समोर बसली.

"काय झालंय ते सांगा. नाहीतर मी रंगाची बाटली उघडत नाही."

"कामाचा खोळंबा करू नकोस."

"होऊ दे खोळंबा."

तात्यांनी आरशातून दाराकडे पाहिलं. दार लोटलेलं होतं.

"हृदयाची एक झडप गेलीय," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणतात लगेच कापायला हवं. नाहीतर चालता चालता बसेन आणि उठणार नाही."

"लगेच म्हणजे? कधी म्हणाले?"

"झाले दीड-दोन महिने."

मावशीने मनातल्या मनात मागे मोजलं. दीड-दोन महिन्यांपूर्वी तिसरं मरण ठरलं होतं. तेव्हा तिने कागदाप्रमाणे रंगवलं असतं तर द्वारपाल त्याच आठवड्यात मेला असता आणि तात्या इस्पितळात जाऊन एव्हाना बरे होऊन घरी आले असते.

"मग सांगा की त्यांना. कोण नाही म्हणेल?"

"कुणीच नाही म्हणणार नाही, तेच तर आहे. उद्या माझ्या जागी दुसरा उभा करतील, तोंडाला फडकं बांधून. आवाज चिरका झाला म्हणतील शापाने." तात्यांना धाप लागली. ते थांबले. "पन्नास वर्षांत भूमिका अर्धी टाकून मी उठलेलो नाही. या म्हाताऱ्याला इथवर मी आणलाय, आता त्याला दुसऱ्याच कुणीतरी पोचवायचं? मला नाही चालणार. तीनदा मरायची तयारी करून आलो, तीनदा वाचलो. आता वाहिनीवाले म्हणतात, लोकांना द्वारपाल आवडतो, शेवटच्या भागापर्यंत ठेवा. म्हणजे अजून चार महिने."

"चार महिने तुम्ही काढाल?"

"बघू."

"बघू काय बघू? जीव जाईल, तात्या."

"हळू बोल. आणि हे कुठे बोलायचं नाही, मावशी. शपथ आहे तुला."

म्हाताऱ्यांचा हट्ट आणि दगडावरची रेघ सारखीच, हे मावशीला घरच्या अनुभवाने माहीत होतं. तिने वाद घातला नाही. तिने रंगाची बाटली हलवली, बारीक ब्रश घेतला आणि करंगळीच्या टोकापासून वेल काढायला सुरुवात केली.

आजचा प्रसंग पुलाचा होता. वीस दिवस खपून कृत्रिम तळ्यावर लाकडी पूल उभा केला होता आणि तो एकदाच कोसळणार होता. पुलाच्या टोकाशी द्वारपाल कंदील उंच धरून राणीला वाट दाखवणार, वाऱ्याच्या पंख्यांनी त्याचा अंगरखा फडफडणार. कागदावर लिहिलं होतं: खांद्याच्या खाली दोन बोटं.

मनगट झालं. कोपर झाला. मावशी नेहमीपेक्षा सावकाश रंगवत होती, प्रत्येक फांदीला पानं काढत होती. खांद्याच्या खाली दोन बोटांवर ब्रश आला. तिने तो रंगात बुडवला, कडेला निथळवला आणि पुढे नेला. दोन बोटं भरली. वेल खांद्यावरून वळली, गळ्याच्या हाडावर आली. तिथे अंगरख्याचा काठ आडवा आला.

तात्यांचे डोळे उघडे होते. ते आरशात बघत होते, आपल्या खांद्याकडे, मग तिच्याकडे. मावशीने नजर वर केली नाही. तिच्या कानशिलावर घाम आला होता.

मग तात्यांनी उजवा हात उचलला आणि अंगरख्याचा बंद स्वतःच सोडला.

पूल ठरल्याप्रमाणे कोसळला. तीन कॅमेरे चालू होते, पाणी पुरुषभर उडालं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दिग्दर्शक पडद्यासमोर बसून पुन्हा बघत होता आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या नोंदीवाल्या मुलीने तोंडावर हात घेतला.

"सर. वेल."

अंगरखा वाऱ्याने उघडा पडला होता आणि कंदिलाच्या उजेडात छातीवर डाव्या बाजूला काळी पानं दाटून बसलेली स्वच्छ दिसत होती. दिग्दर्शकाने चित्र थांबवलं. तळ्यात पुलाच्या फळ्या तरंगत होत्या. त्याने त्या फळ्यांकडे पाहिलं, मग मावशीकडे.

"मावशी, मी काय म्हणालो होतो?"

"लक्षात आहे."

"ही चूक नाही. आंधळा माणूससुद्धा अशी चूक करणार नाही."

"नाहीच आहे चूक," मावशी म्हणाली.

तो पुढे बरंच बोलला. त्यातलं तिच्या कानात काही शिरलं, काही नाही. उद्यापासून येऊ नका, एवढं शिरलं. बावीस वर्षांच्या कामाचा निकाल तीन शब्दांत लागला आणि आश्चर्य म्हणजे तिला रडू आलं नाही. तिचं लक्ष लेखिकेकडे होतं. लेखिकेला जिन्याखालच्या खोलीतून बोलावून आणलं होतं आणि ती पडद्याशी वाकून वेल बघत होती. पस्तिशीची बाई, पण डोळ्यांखाली अशी काळी वर्तुळं की मावशीने एकदा ती फुकट झाकून देऊ का म्हणून विचारलं होतं.

"वाचवता येईल," लेखिका म्हणाली.

मावशी झटकन तिच्याकडे वळली, पण लेखिका बोलतच राहिली.

"नियम काय? वेल हृदयाला भिडली पाहिजे. पण समजा, तिथे हृदयच नाहीये. द्वारपालाने तरुणपणीच ते एका कुपीत घालून राजवाड्याच्या दाराखाली पुरलंय. म्हणून तर तो दार सोडत नाही. वेल छातीवर येते, शोधते, आणि वाळून जाते."

"वा!" दिग्दर्शकाचा चेहरा उजळला. "झकास. आणि मग ती कुपी चोरीला जाते. चार महिने आरामात निघतील."

गेल्या वेळी असं काही ऐकून मावशी घरी गुणगुणत गेली असती. आज तिने लेखिकेचं मनगट पकडलं आणि तिला कपड्यांच्या पेट्यांमागे जवळजवळ ओढतच नेलं.

"अगं, नको वाचवूस त्यांना."

"मावशी, तुमची नोकरी वाचेल यात. मी सांगते ना सरांना, की उलट बरंच झालं."

"नोकरीचं जाऊ दे. आत्ता वाचवलंस तर ते मरतील."

आणि मग तिने शपथ मोडली. झडप, डॉक्टर, दीड-दोन महिने, फडकं बांधलेला दुसरा माणूस, सगळं एका दमात सांगून टाकलं. आधीच्या तीन चुकांमधल्या दोन कशा झाल्या तेही सांगितलं, कारण आता झाकून ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं. लेखिका पेटीच्या कडेवर बसली. पलीकडे उन्हात तात्या खुर्चीवर बसले होते. कुणीतरी दिलेला पाण्याचा पेला तसाच त्यांच्या हातात होता.

"तीन वर्षांत मी एकालाही मरू दिलं नाही," लेखिका म्हणाली. "वाहिनीवाले मला कच्ची खातील."

मावशीने अजून धरून ठेवलेलं तिचं मनगट सोडलं.

"रोज सकाळी उठून कुणाला तरी वाचवायचं. मलासुद्धा कंटाळा आलाय हो, मावशी." ती थोडा वेळ हाताच्या बोटांशी चाळा करत राहिली. मग तिने केसांत खोचलेली पेन्सिल काढली. "उभे राहून की बसून?"

"काय?"

"मरताना."

"बसून. पाठीला भिंत असू दे."

"संवाद?"

"कमीच दे. धाप लागते त्यांना."

"आजच घेऊ. उद्यावर ठेवलं तर वाहिनीतून फोन येतील." ती उठली आणि दिग्दर्शकाकडे गेली. मावशीला लांबून ऐकू आलं, "सर, कुपीचं नाही जमत. नियम आपणच सांगितलाय, हृदय त्याच्या छातीत धडधडताना आपण चौऱ्याऐंशीव्या भागात दाखवलंय. लोक जोडे मारतील." चौऱ्याऐंशीव्या भागात असं काही होतं की नाही हे कुणालाच आठवत नव्हतं, दिग्दर्शकाला तर नाहीच. तो बराच वेळ केस ओढत फिरला. मग म्हणाला, छातीवर पानं घेऊन फिरणाऱ्या म्हाताऱ्याला ठेवायचं तरी कुठे, उरकून टाका.

दुपारी चार वाजता राजवाड्याच्या दाराशी द्वारपाल मेला. लेखिकेने जेवणाच्या सुट्टीत लिहिलेला कागद तात्यांनी एकदाच वाचला आणि परत दिला. ते दाराला पाठ लावून बसले. कंदील बाजूला ठेवला. राणी येऊन गुडघ्यांवर बसली, तेव्हा तिला हाताने खूण केली की आत जा, दार मी बघतो. मग त्यांनी तीन श्वास घेतले. पहिला मोठा होता. दुसरा घेताना त्यांनी दाराच्या फळीवर तळहात टेकवला, घरातल्या माणसाच्या पाठीवर ठेवतात तसा. तिसरा कधी घेतला ते कुणाला दिसलंच नाही.

दिग्दर्शक थांबा म्हणायला विसरला. नोंदीवाली मुलगी वहीत तोंड खुपसून रडत होती. मावशीने श्वास रोखून तात्यांच्या छातीकडे पाहिलं. रंगवलेली पानं वर आली, खाली गेली.

"झालं?" तात्यांनी एक डोळा उघडून विचारलं.

"झालं, तात्या," दिग्दर्शक म्हणाला. त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "एकदम झालं."

मेकअपच्या खोलीत मावशीने कापसाचा नवा गठ्ठा फोडला. वेल रंगवताना बोटांपासून सुरुवात, पुसताना उलट; छातीपासून खाली. तात्यांनी तोवर फोन लावला होता. डॉक्टर त्यांच्यावर खेकसले आणि उद्याच दाखल व्हा म्हणाले. फोन ठेवून ते खुर्चीत मागे टेकले.

"दुसऱ्या वेळी तीन बोटं कमी होती," ते म्हणाले. "तिसऱ्या वेळी पाच."

मावशीचा हात खांद्यावर थांबला.

"माझाच हात आहे, मावशी. सव्वा तास या खुर्चीत बसून मी दुसरं काय बघणार?"

"मग बोलला का नाहीत?"

"दुसऱ्या वेळी आनंद झाला म्हणून. घरी जाऊन एकटाच हसत बसलो होतो."

"आणि तिसऱ्या वेळी?"

तात्या आरशात बघत होते, पण स्वतःकडे नाही.

"तिसऱ्या वेळी डॉक्टरांची चिठ्ठी खिशात होती. नुसतं म्हणायचं होतं, माप चुकलं गं. तू पुसून नीट केलं असतंस. पण मग तुला कळलं असतं की मला जायचंय. आणि इतकी मन लावून ठेवून घेत होतीस मला. बायको गेल्यापासून कुणी असं ठेवून घेतलं नव्हतं. तोंडच उघडेना."

मावशीने बोळा खाली ठेवला. दुसरा घेतला. तो स्पिरिटमध्ये बुडवायचा राहिला आहे हे तिच्या लक्षात आलं नाही आणि ती कोरड्या कापसानेच कोपर पुसू लागली. म्हणजे दीड-दोन महिने दोघंही या खोलीत समोरासमोर बसून एकमेकांना सांभाळत होती आणि त्यात हा माणूस मरता मरता राहिला. तिला त्यांचा राग आला, खूप राग आला. तो कुठे ठेवायचा ते तिला कळेना.

"आज तुझी नोकरी जाणार हे दिसत होतं मला," तात्या म्हणाले. "तरी बंद सोडला. आज फक्त स्वतःचं पाहिलं. माफ कर."

"तो बंद मी सोडणारच होते," मावशी म्हणाली. "तुम्ही घाई केलीत."

तिने कापूस भिजवला. कोपर निघाला, मनगट निघालं.

"उद्या किती वाजता बोलावलंय?"

"सातला. उपाशीपोटी."

"मी साडेसहाला तुमच्या दारात असेन."

"अगं, तू कशी येशील? सकाळी तुला कामावर..."

तात्या मध्येच थांबले. मावशीने वर पाहिलं नाही.

"साडेसहाला," ती म्हणाली. "करंगळी इकडे करा."